फ्रेंचच्या वर्गातले दिग्दर्शक

बाइके वर्गात कधी एकदाच यायचे नाहीत. दारातून आत यायचे, खोलीवर सावकाश नजर फिरवायचे, काहीतरी मनासारखं नाही अशी मान हलवून बाहेर जायचे आणि मग पुन्हा यायचे. दुसऱ्या वेळी मात्र सरळ येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, बाहेर काहीतरी विसरत असेल. थोडी ओळख झाल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "पहिल्या वेळी मी बघतो. दुसऱ्या वेळी मी येतो."

हे आमचं बोलणं फ्रेंचमध्ये चालायचं. दोघांचे मिळून तीनेकशे शब्द असतील. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांना किरगीझ आणि रशियन यायचं, मला मराठी, हिंदी आणि इंग्रजी. मॉन्ट्रियलमध्ये नव्याने आलेल्यांना सरकार फुकट फ्रेंच शिकवतं. त्या वर्गात, मेट्रो स्टेशनपासून सात मिनिटांवरच्या एका जुन्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही शेजारी शेजारी बसायचो. मी चाळिशीला टेकलेली आणि ते सदुसष्ट वर्षांचे.

मी सांगलीची. तिथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये अकरा वर्षं काम केलं. इथे आल्यावर नवऱ्याची सॉफ्टवेअरची नोकरी इंग्रजीत निभावून गेली, मुलीला शाळेने सहा महिन्यांत फ्रेंच करून सोडलं, आणि मी घरी बसले. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अप्लाय केलं की एकच उत्तर यायचं, फ्रेंच बोलता आलं पाहिजे. मला वाचता यायचं, लिहिताही यायचं. बोलता मात्र यायचं नाही. मादाम, म्हणजे आमच्या बाई, माझ्याकडे वळल्या की मी वहीत काहीतरी महत्त्वाचं लिहीत असल्यासारखी खाली बघायची.

बाइके हे त्यांचं नाव नव्हे. किरगीझ भाषेत वयाने मोठ्या पुरुषाला बाइके म्हणतात, आपल्या दादासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी छातीवर हात ठेवून "बाइके" असं सांगितलं आणि वर्गाने तेच उचललं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, बायके काय? कुणाच्या बायकेचे?" बाइके मला कारिन्दाश म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. त्यातला एक स्वर जरा इकडेतिकडे झाला तर त्याचा अर्थ पेन्सिल होतो, हेही त्यांनीच सांगितलं. मादामनी मला काही विचारलं आणि मी गप्प राहिले की ते मुद्दाम पेन्सिल म्हणायचे.

बुटके, रुंद, गुडघ्यांत किंचित बाकलेले आणि भुवया बुटाच्या ब्रशसारख्या. डोक्यावर पांढऱ्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, काळ्या वेलबुट्टीची उंच टोपी. उणे पंचवीसमध्येही तीच, फक्त आत एक लोकरीची कानटोपी जास्त. मेट्रोत लोक त्यांचा फोटो काढायला परवानगी मागत. ते परवानगी द्यायचे, पण मग त्या माणसाला खिडकीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते सांगायचे, आणि तो चुकीच्या बाजूला उभा राहिला तर खांद्याला धरून हलवायचे. एकदा एका मुलीला त्यांनी तीन स्टेशनं उभं केलं होतं, कारण बोगद्यात उजेड नव्हता आणि त्यांना मनासारख्या स्टेशनचा उजेड हवा होता. तिचं उतरायचं स्टेशन गेलं. ती हसत होती म्हणून निभावलं.

ते चित्रपट दिग्दर्शक होते. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा वर्गात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. आमच्या वर्गात कोलंबियाची एक दंतवैद्य होती, जी इथे केक विकत होती, आणि इथिओपियाचा एक भूगोलाचा शिक्षक होता, जो इथे टॅक्सी चालवत होता. आम्ही सगळेच आधी कुणीतरी होतो.

बाइके खरंच दिग्दर्शक आहेत हे मला कळलं ते बागेतच्या दिवशी. बागेत म्हणजे इथला लांबडा पाव. पुस्तकात धडा होता, बेकरीत. दोघांनी उभं राहून म्हणायचं, नमस्कार, मला दोन बागेत हव्यात, धन्यवाद, शुभ दिवस. मी गिऱ्हाईक, दंतवैद्य दुकानदार. मी पुस्तकात बघून एका श्वासात सगळं म्हणून टाकलं आणि बसायला वळले.

"आँकोर," बाइके म्हणाले. पुन्हा. मादामनी त्यांच्याकडे बघितलं, पण ते उठलेच होते. माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पुर्क्वा? का?"

"काय का?"

"दोन का? बाई एकटी येते. पिशवी लहान. पाव दोन. दुसरा कुणाचा?"

पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. बाइके तिथेच उभे, घाई नसलेल्या माणसासारखे. मादामनी मध्ये पडावं म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी हनुवटी तळहातावर टेकवली होती. त्यांनाही आता दुसरा पाव कुणाचा ते हवं होतं.

"शेजारणीचा," मी म्हटलं.

"ती का येत नाही?"

"बर्फावर पडते. पाय मोडतो."

"तू तिच्यावर प्रेम करतेस?"

"नाही," मी म्हटलं, आणि मग कुठून कोण जाणे, पुढचं आलं. "ती माझ्या मुलीला आवाज करते म्हणून ओरडते. माझ्या स्वयंपाकाचा वास येतो म्हणून खिडकी आपटते. पण जिना चौदा पायऱ्यांचा आहे आणि पायऱ्यांवर बर्फ आहे आणि तिला कुणी नाही."

एवढी फ्रेंच वाक्यं मी त्याआधी सबंध महिन्यात बोलले नव्हते. व्याकरण सगळं वेडंवाकडं होतं. बाइके म्हणाले, "बों. छान. आता पाव माग." मी मागितला. दंतवैद्य दुकानदाराने दोन बागेत दिल्याचा अभिनय केला आणि त्यातली एक जरा जपून दिली. मादामनी त्या दिवशी धडा पुढे नेला नाही. प्रत्येकाला बेकरीत पाठवलं आणि बाइकेंनी प्रत्येकाला अडवलं.

मादाम आणि बाइके यांचं एकाच गोष्टीवरून जमायचं नाही, ती म्हणजे भूतकाळ. फ्रेंच क्रियापदांचा भूतकाळ त्यांना येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. पडद्यावर जे दिसतं ते आत्ता होत असतं, त्याला भूतकाळ नसतो, असं त्यांचं म्हणणं. मादाम म्हणायच्या, "पण मस्यू, परीक्षेत असतो." ते खांदे उडवायचे.

त्यामुळे त्यांचं आयुष्य मला कळलं ते सगळं वर्तमानकाळात. मधल्या सुट्टीत कॉफी घेताना ते सांगायचे, मी ट्रक चालवतो. स्टुडिओचा ट्रक आहे. एक दिवस कॅमेरामन आजारी पडतो. दुसऱ्याला ट्रकच्या टपावर चढायची भीती वाटते. मी चढतो. मग मी मॉस्कोत शिकतो. मॉस्कोत मला सगळे विचारतात, तुझ्याकडे घोडा आहे का. मी म्हणतो, माझ्याकडे ट्रक आहे.

पहिला चित्रपट पुरा होतो त्याच वर्षी सोव्हिएत युनियन मोडतं. चित्रपट कुणाच्या मालकीचा तेच कुणाला ठाऊक नाही. स्टुडिओत हीटिंग बंद. एक खेळ होतो, अकरा माणसं कोट घालून बघतात. मग मी बाजारात बूट विकतो आणि लग्नं शूट करतो.

लग्नांबद्दल ते फार प्रेमाने बोलायचे. शेकड्यांनी केली म्हणे. नवरी माहेर सोडते तो प्रसंग त्यांना मनासारखा आल्याशिवाय ते वऱ्हाड हलू द्यायचे नाहीत. एका नवरीला त्यांनी घरातून चार वेळा बाहेर काढलं. चौथ्या वेळी ती इतकी रडली की तिच्या वडिलांनी लग्नच लांबणीवर टाकायचं काढलं. "छान सीन," बाइके म्हणाले. "नवरा मला आजही टेलिफोन करतो."

लग्नांच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर हात चालू ठेवून त्यांनी पुढे दोन चित्रपट केले. दुसऱ्याला जुन्या गोदामात पडलेली, मुदत संपलेली फिल्म वापरली. त्यामुळे आभाळ सगळीकडे गुलाबी आलं. युरोपात एका महोत्सवात त्या गुलाबी आभाळावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आणि बक्षीस दिलं, काचेचा एक जड पक्षी. तो मी त्यांच्या घरी बघितला. अक्रोड फोडायला फार उपयोगी होता. तिसरा चित्रपट कुणी बघितला नाही. त्यांच्या बायकोने तीन वेळा बघितला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग बायको मरते," ते म्हणाले, आणि कॉफीचा कप बघत बसले. त्यांच्या फ्रेंचमध्ये ते अजून होतच होतं. कप खाली ठेवून म्हणाले, "मग मुलगी म्हणते, ये. मी येतो."

मुलगी इथे विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. विशीत शिकायला आली आणि इथलीच झाली. त्या दोघांचं भांडण वगैरे नव्हतं. नुसतं बोलणं कमी. "ती माझ्याशी डॉक्टरसारखी बोलते," बाइके सांगायचे. "औषध घेता? बूट कोरडे आहेत? वर्गाला जाता?" वर्गातही तिनेच घातलं होतं, घरात बसून राहू नयेत म्हणून. शहरात वाढल्यामुळे ती रशियन बोलायची, आता फ्रेंच. किरगीझ तिला स्वयंपाकघरापुरतं येत होतं.

जानेवारीत बाइके एके दिवशी वर्गात एकदाच आले. हातात एक हार्ड डिस्क. त्यांचा पहिला चित्रपट, ज्याची प्रत गेली असं ते तीस-बत्तीस वर्षं धरून चालले होते, एका जुन्या सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये टेपवर सापडला होता. मोहल्ल्यातल्या लायब्ररीत महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी चित्रपट दाखवतात. तिथल्या बाई दाखवायला तयार होत्या, पण फ्रेंच सबटायटल्स असतील तरच.

"तुम्ही करा," बाइके वर्गाला म्हणाले.

आम्ही हसलो. मादाम हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, सेशन संपेपर्यंतचा प्रकल्प हाच.

मग पाच आठवडे आमचा वर्ग म्हणजे सबटायटलचा कारखाना. लॅपटॉपवर एक वाक्य ऐकायचं, बाइके ते त्यांच्या फ्रेंचमध्ये हातवाऱ्यांसह सांगायचे, आम्ही त्याचं बरं फ्रेंच करायचो, मादाम त्याचं खरं फ्रेंच करायच्या. त्यात मला एक शोध लागला. बाइके किरगीझ वाक्य शब्दाशब्दाने उलगडायचे आणि त्यातला क्रियापदाचा शब्द शेवटी यायचा, अगदी आपल्यासारखा. "आई चहा ओतते" हे त्यांच्याकडेही आई, चहा, ओतते, याच क्रमाने. शिवाय अस्मान, दुनिया, किताब, नान हे शब्द जवळपास तसेच. ते अस्मान म्हणाले तशी मी वर बघितलं आणि ते थक्क झाले. तेव्हापासून अडलेलं वाक्य आधी माझ्याकडे यायचं. मी ते मनात मराठीत मांडायची आणि मग फ्रेंचमध्ये ढकलायची. बोलावं लागतंय हे मी विसरूनच गेले.

चित्रपट साधा होता. उंच खिंडीत हवामान खात्याचं ठाणं. तिथे एक बाई राहते, दिवसातून तीनदा तापमान लिहिते. मुलगा नोकरीसाठी शहरात निघतो. ट्रक येतो, तो जातो, हिवाळा येतो. बाईचं काम करायला शहरातून नटी यायची होती, पण रस्ता बर्फाने बंद झाला. तेव्हा चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाक करायला आलेल्या बाइकेंच्या आईलाच त्यांनी उभं केलं. ती कॅमेऱ्याकडे बघायची, सगळ्यांसमोर बाइकेंना लहानपणच्या नावाने हाक मारायची, आणि सीन चालू असताना उतू जाणारं दूध उतरवायला निघून जायची. ते सगळं चित्रपटात आहे. खेळ बघून ती म्हणाली, मी जाड दिसते.

मुलगा निघतो त्या सीनला काय म्हणायचं, असं आईने विचारलं. बाइके म्हणाले, मी मॉस्कोला निघालो तेव्हा म्हणालीस तेच म्हण. ती दारात उभी राहते, मुलाच्या कोटाचं बटण लावते आणि म्हणते, "बारिप केल." मग आत वळते.

"काय अर्थ?" मादामनी विचारलं.

"बारिप, जाऊन. केल, ये," बाइके म्हणाले.

जाऊन ये. माझ्या हातातलं पेन थांबलं. शब्दाला शब्द तेच. आमच्या घरी दारात उभं राहून कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात, आणि घरातलं माणूस म्हणतं, जाऊन ये. मी हे वर्गाला समजावलं. दंतवैद्य म्हणाली, आमच्याकडे देवाच्या हवाली करतात. मादामनी फळ्यावर लिहिलं, व्हा ए रव्हियाँ, जा आणि परत ये, आणि स्वतःच नाक मुरडलं. "असं आम्ही दुकानात पाठवलेल्या पोराला म्हणतो. दूध संपलंय, जा आणि ये. इतक्या मोठ्या प्रसंगाला हे चालणार नाही."

तासभर वाद झाला. शेवटी बाइके उठले आणि म्हणाले, "काही नको. इथे अक्षरं नको. तिचा चेहरा आहे. बटण आहे. पुरे."

"नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चेहरा आहे, पण ती बोलते. आम्ही लिहिलं नाही तर लोकांना वाटेल, ती काही महत्त्वाचं बोलली नाही."

"मी दिग्दर्शक आहे," बाइके म्हणाले. "मला माहीत आहे."

"तुम्हाला किरगीझ येतं म्हणून माहीत आहे. तुमच्या मुलीला येत नाही. ती चित्रपट बघायला येणार. तिची आजी बोलेल आणि खाली रिकामं असेल."

हे बोलले आणि वाटलं, आपण फार बोललो. बाइकेंनी टोपी उचलली आणि गेले. एकदाच गेले, परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. घरी नवरा म्हणाला, "अगं, चित्रपट त्यांचा, आई त्यांची. तू कशाला मध्ये पडलीस?" फोन करावा तर टेलिफोनवर हातवारे करता येत नाहीत, आणि आमची निम्मी भाषा हातवाऱ्यांची.

पाचव्या दिवशी ते आले. दारातून बघितलं, बाहेर गेले, परत आले, बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही."

"काय लिहू?"

"दुकानातलं. मादाम बरोबर बोलते. माझी आई मला मॉस्कोला पाठवते, जसं दुधाला पाठवते. म्हणून ती रडत नाही. म्हणून मीही रडत नाही. ट्रकमध्ये बसतो तोपर्यंत."

मादामनी फळ्यावरचं ते वाक्य पाच दिवस पुसलेलं नव्हतं.

खेळाच्या शनिवारी पावसाचं बर्फ पडत होतं, फुटपाथ काचेसारखे. कुणी येणार नाही असं धरून आम्ही लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या. सव्वीस माणसं आली. बाइकेंची मुलगी तिसऱ्या रांगेत, ऑफिसचा कोट न काढता. मी तळलेले शंकरपाळे नेले होते. बाइके त्यांना बोर्सोक म्हणून वाटत होते, कारण त्यांच्याकडे तसलंच, पण बिनसाखरेचं करतात.

सबटायटल्स पडद्यावर वेळेवर उमटवायचं काम माझ्या नवऱ्याने केलं होतं. "किरकोळ काम आहे गं," असं म्हणून दोन शनिवार-रविवार बसला होता. पहिली दहा मिनिटं छान गेली. मग अक्षरं पुढे पळायला लागली. त्याने जी फाइल वापरली होती ती आणि लायब्ररीने लावलेली, दोघींच्या वेगात बारीक फरक होता. आधी शब्द जरासे लवकर, मग आणखी लवकर. एका सीनमध्ये घोडा गवत खात होता आणि खाली अक्षरं आली, तुझा पगार किती असेल? मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. नवरा लॅपटॉपवर वाकून घामाघूम झाला होता.

मला पुढचं दिसत होतं. या हिशेबाने आजीचं वाक्य येईल तेव्हा पडद्यावर ट्रकचं चाक असेल.

बाइके उठले. हात वर करून चित्रपट थांबवला. पडद्यापुढे उभे राहून म्हणाले, "मस्यू, मादाम. चित्रपट बरोबर आहे. अक्षरं पळतात. अक्षरं बंद करतो." मग आमच्या रांगेकडे वळले. टॅक्सीवाल्या भूगोल शिक्षकाकडे बोट दाखवून म्हणाले, "तू मुलगा." दंतवैद्याला म्हणाले, "तू शेजारीण, ट्रकवाला, रेडिओ." आणि मला, "तू आई."

"मी नाही," मी मराठीतच म्हटलं.

"आई," ते म्हणाले, आणि जाऊन पडद्याच्या कडेला उभे राहिले.

आमच्याकडे वाक्यांचे छापलेले कागद होते. चित्रपट मागे नेऊन पुन्हा सुरू झाला. कुणाचं वाक्य आलं की बाइके हात थोडा खाली आणायचे, आणि आम्ही अंधारात, मोबाइलच्या उजेडात, मूळ आवाजाच्या मागोमाग फ्रेंच बोलायचो. माझी पहिली दोन-तीन वाक्यं मलाही ऐकू आली नसतील. बाइकेंनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त तळहाताने हवा वर उचलली. मी आवाज वाढवला. सांगलीचं फ्रेंच, इथिओपियाचं फ्रेंच, कोलंबियाचं फ्रेंच. दहा मिनिटांत लोकांना त्याची सवय झाली, आणि मलाही. पडद्यावरची ती जाड बाई तापमान लिहायची, नाक पुसायची, मुलाला जेवायला हाक मारायची, आणि मी तिच्या मागे मागे चालले होते.

ट्रक आला. तिने बटण लावलं. बाइकेंचा हात खाली आला.

"बारिप केल," ती म्हणाली.

"व्हा ए रव्हियाँ," मी म्हटलं. रोज सकाळी मुलगी शाळेला निघाली की पोळी लाटता लाटता म्हणते, तसंच निघालं तोंडातून. वेगळं काही करायला वेळच नव्हता.

बाई आत वळली. मुलगा ट्रकमध्ये चढला. तिसऱ्या रांगेत बाइकेंच्या मुलीने चष्मा काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

एप्रिलमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. परीक्षक बाईंनी एक चित्र दिलं, वर्णन करा म्हणाल्या. उद्यानात एक माणूस छत्री घेऊन बसलेला. मी त्याला घर दिलं, बायको दिली, ऊन असताना त्याने छत्री का आणली तेही सांगितलं. शेवटी त्यांनीच मला थांबवलं. आता मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावते आणि दिवसभर चुकीच्या लिंगात फ्रेंच बोलते. कुणाची तक्रार नाही.

बाइके परीक्षेत नापास झाले, तिसऱ्यांदा. काल काय केलं यावर निबंध होता आणि त्यांनी तो वर्तमानकाळात लिहिला. सध्या ते त्यांच्या घराखालच्या लाँड्रोमॅटमध्ये फोनवर चित्रपट करताहेत, कारण तिथे सकाळी अकराला उजेड चांगला येतो. कपडे धुवायला आलेल्या माणसांना ते मशीनपाशी दोन-दोन वेळा आणतात. शनिवारी मुलगी माइक धरायला जाते. ती म्हणते, मी फक्त त्यांच्या गोळ्यांची वेळ सांभाळायला जाते.

खेळाच्या त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. चित्रपटात दूध उतू जातं तिथे आजी चुलीकडे धावताना काहीतरी पुटपुटते. ते वाक्य आम्ही केलंच नव्हतं. बाइके म्हणाले होते, किरकोळ आहे, सोडा. त्यामुळे तिथे आम्ही तिघेही गप्प बसलो, आणि त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एकच माणूस मोठ्याने हसलं. नंतर लोक निघाल्यावर आम्ही खुर्च्या घडी करत होतो तेव्हा मुलगी वडिलांजवळ आली. त्यांच्या टोपीवर बोट रोखून तिने तेच वाक्य म्हटलं, आजीच्या चालीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता. बाइके बघतच राहिले. मग त्यांनी काहीतरी विचारलं, किरगीझमध्ये. तीही किरगीझमध्ये बोलली, तुटक, मध्ये एखादा रशियन शब्द घालून. मला एवढंच समजलं की त्यात "आपा" हा शब्द दोनदा आला. आपा म्हणजे आई.

"काय म्हणते?" मी बाइकेंना विचारलं.

"तिची आई तिला रागावते तेव्हा हेच म्हणते," ते म्हणाले. "माझ्या आईकडून शिकते. मला माहीतच नाही."

"पण अर्थ काय?"

त्यांनी मुलीकडे बघितलं. तिने जरा विचार केला आणि मला छान, स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "माफ करा, हे मला फ्रेंचमध्ये सांगता येणार नाही." मग दोघं पुन्हा हसायला लागले, आणि मी उरलेल्या खुर्च्या भिंतीला लावायला घेतल्या.